‘निमित्त’ या एका शब्दाविषयी : ‘तटस्थ वाचक’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत उत्तरेची राज्ये आणि संघराज्यातून फुटून निघालेली दक्षिणेची राज्ये यांच्यात १८६१ ते १८६५ या काळात झालेल्या यादवी युद्धावरच्या माझ्या लेखावर आपण ‘तटस्थ वाचक’ या नावाने लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला म्हणून दुसऱ्यांदा वाचली. राग गेला नाही, पण उत्तर लिहिण्याइतपत निवळला. आपले म्हणणे थोडक्यात असे: लेख एकांगी आहे, गुलामगिरीला मी युद्धाचे ‘कारण’ म्हटले तरी ते केवळ निमित्त होते, खरे भांडण केंद्रापुढे राज्यांच्या हक्कांचे आणि आयात मालावरील जकातीचे होते, त्या वेळचे अध्यक्ष लिंकन यांना गुलामांची फारशी फिकीर नव्हती, दक्षिणेतील बहुतेक गोऱ्या कुटुंबांकडे एकही गुलाम नव्हता, उत्तरेच्या गिरण्या आणि पेढ्या त्याच कापसावर पोसल्या होत्या, युद्धानंतर जेत्यांनी दक्षिणेवर सूड उगवला, आणि १८२० च्या तडजोडीतील रेषा मी चुकीची सांगितली. अखेरीस ‘महाराष्ट्रात बसून, चार संकेतस्थळे चाळून दुसऱ्यांच्या घरच्या भांडणात न्यायाधीश होण्याची हौस कशाला?’ असा प्रश्न आपण विचारला आहे.

चूक आधी मान्य करतो. १८२० च्या त्या मिझुरीच्या तडजोडीत ठरलेली, गुलामगिरीला कोठवर मुभा हे सांगणारी रेषा ३६ अंश ३० मिनिटे अक्षांशाची होती. मी तिला मेसन-डिक्सन रेषा म्हटले, जी पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँड यांच्यामधली जुनी सीमा आहे. चूक माझीच आहे आणि आपण ती दाखवलीत याबद्दल आभारी आहे. मात्र एक रेषा चुकली म्हणून सगळा लेख ‘चाळून लिहिलेला’ ठरवणे, हे भाताच्या एका शिताने केलेले अनुमान झाले, आणि तेही शीत आपण आपल्या सोयीचे निवडलेले आहे.

आता ‘दुसऱ्यांच्या घरचे भांडण’. आमचे मूळ गाव वऱ्हाडातले. १८६१ मध्ये उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली, इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि आपल्याकडच्या कापसाला मुंबईत कधी न मिळालेला भाव आला. माझ्या खापरपणजोबांनी त्या चार वर्षांत घरावर माडी चढवली. १८६५ मध्ये तिकडे युद्ध संपले, इकडे भाव कोसळला, मुंबईत शेअरबाजार आणि पेढ्या बुडाल्या, आणि आमच्या घरातील निम्मी जमीन सावकाराकडे गहाण पडली. ती माडी अजून उभी आहे, घरातील जुनी माणसे तिला ‘अमेरिकेची माडी’ म्हणत, आणि गहाणखताची नक्कल माझ्या कपाटात आहे. तेव्हा हे भांडण आमच्या ओसरीपर्यंत आलेले होते, हे आपण लक्षात घ्यावे. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, तीही पुण्यात बसूनच. त्यांनाही आपण हाच प्रश्न विचारला असता काय?

खरा मुद्दा आपल्या एका वाक्याचा आहे, आणि इतर सहा मुद्द्यांपेक्षा त्याच्यावर लिहिणे मला अगत्याचे वाटते. ‘गुलामगिरी हे केवळ निमित्त होते, खरा वाद राज्यांच्या हक्कांचा.’ निमित्त हा शब्द आपण सहज वापरला आहे. माझा प्रश्न इतकाच की, फुटून निघालेल्या राज्यांनी स्वतः कोणते कारण सांगितले, ते आपण वाचले आहे काय?

दक्षिण कॅरोलायना २० डिसेंबर १८६० रोजी संघराज्यातून बाहेर पडली आणि चारच दिवसांत तिने आपली कारणे जाहीर केली. त्या जाहीरनाम्यात जकातीची तक्रार नाही. तक्रार आहे ती पळून गेलेल्या गुलामांची. मेन, व्हरमाँटपासून विस्कॉन्सिन, आयोवापर्यंत उत्तरेकडील राज्यांची नावे घेऊन म्हटले आहे की, या राज्यांनी आपापले कायदे करून पळालेले गुलाम परत करण्याचे कर्तव्य मोडले. न्यूयॉर्कच्या न्यायालयांनी तर गुलामाला सोबत घेऊन त्या राज्यातून नुसते जाण्याचा हक्कही नाकारला. हे शांतपणे वाचले तर ध्यानात येईल की, दक्षिण कॅरोलायना येथे राज्यांच्या हक्कांसाठी लढत नसून उत्तरेकडील राज्ये स्वतःचे हक्क वापरतात म्हणून संतापली आहे.

हा संताप अचानक आलेला नव्हता. १८५० च्या फरारी गुलाम कायद्याने पकडलेल्या माणसाला स्वतःच्या बाजूने साक्ष देण्याची मुभा ठेवली नाही, ज्यूरी ठेवली नाही, आणि त्याला मालकाच्या हवाली केल्यास केंद्राच्या आयुक्ताला १० डॉलर, सोडून दिल्यास ५ डॉलर मिळतील अशी सोय केली. १८५४ मध्ये बोस्टनहून अँथनी बर्न्स या एका माणसाला व्हर्जिनियाला परत धाडण्यासाठी केंद्राने रस्त्यांवर सैनिक उभे केले. त्याच वर्षी विस्कॉन्सिनमध्ये जमावाने जोशुआ ग्लोव्हर या फरारी गुलामाला तुरुंगातून सोडवले, आणि पुढे त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदाच घटनाबाह्य ठरवला. १८५९ मध्ये केंद्रीय सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, तेव्हा राज्याच्या सार्वभौमत्वाचा हवाला देऊन निषेधाचा ठराव करणारे विधिमंडळ विस्कॉन्सिनचे होते, मिसिसिपीचे नव्हे. दक्षिणेचे पुढारी त्या वेळी केंद्राच्याच बाजूने उभे होते. राज्यांच्या हक्कांचा एवढा कळवळा होता, तर तो विस्कॉन्सिनच्या वेळी कोठे गेला होता, हे तटस्थांनी सांगावे.

मिसिसिपीने तर आडपडदाही ठेवला नाही. आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप आहे, असे तिच्या जाहीरनाम्यात प्रारंभीच लिहिलेले आहे. फुटलेल्या राज्यांनी मिळून केलेल्या नव्या दक्षिणी संघाच्या राज्यघटनेने गुलामांवरील मालकीहक्काला बाध आणणारा कायदा करण्यास आपल्या संसदेला मनाई केली, पुढे मिळणाऱ्या प्रदेशांत गुलामगिरीला संरक्षण दिले, आणि मालकाने आपले गुलाम घेऊन कोणत्याही सदस्य राज्यात जावे-राहावे, हा हक्क त्या राज्याच्या इच्छेची पर्वा न करता बहाल केला. मार्च १८६१ मध्ये सव्हाना येथे या संघाचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्स यांनी भर सभेत सांगितले की, निग्रो हा गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि गुलामी ही त्याची स्वाभाविक अवस्था आहे, हे नव्या राज्याच्या कोनशिलेचे सत्य होय.

मग ‘निमित्त’ हा शब्द आला कोठून? युद्ध हरल्यावर याच स्टीव्हन्स यांनी दोन खंडांचा जाडजूड ग्रंथ लिहून प्रतिपादन केले की, लढा मूलतः केंद्र आणि राज्ये यांच्यातील तत्त्वाचा होता. तोच माणूस, मध्ये फक्त पराभव. आपण ज्याला इतिहासाची दुसरी बाजू म्हणता, ती हरलेल्या पक्षाने निकालानंतर दाखल केलेली कैफियत आहे, आणि तुम्ही ती फिर्यादीच्या आधीची म्हणून वाचता आहात. हे कठोर वाटल्यास क्षमा असावी, परंतु ‘हौस’ हा शब्द आधी आपण वापरला आहे.

जकातीबद्दल थोडेसे. १८३२ मध्ये दक्षिण कॅरोलायना जकातीवरून अध्यक्ष जॅक्सन यांच्याशी खरोखर भांडली होती, हे मी नाकारत नाही. पण तो वाद पुढच्याच वर्षी मिटला, आणि १८५७ ची जकात दक्षिणेच्या पाठिंब्याने मंजूर झालेली, कमी दराची होती. ज्या मॉरिल जकातीचा, म्हणजे वाढीव दराच्या नव्या जकात कायद्याचा, दाखला आपण देता, तिच्यावर मार्च १८६१ मध्ये सही झाली. तोवर सात राज्ये निघून गेलेली होती. पोर पळाल्यानंतर लावलेल्या कडीमुळे ते पळाले, असे म्हणण्यासारखे हे आहे.

लिंकनने वृत्तपत्राचे संपादक ग्रीली यांना लिहिलेले, गुलामगिरी राहो वा जावो, संघराज्य वाचवणे हाच आपला हेतू आहे असे सांगणारे पत्र मीही वाचले आहे. ते २२ ऑगस्ट १८६२ चे. पण गुलामांच्या मुक्तीच्या घोषणेचा मसुदा त्याने महिनाभर आधी मंत्रिमंडळापुढे ठेवला होता. उत्तर कशासाठी लढली आणि दक्षिण कशासाठी निघाली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बहुसंख्य गोऱ्यांकडे गुलाम नव्हते हे खरे. मिसिसिपीत मात्र जवळपास निम्म्या कुटुंबांकडे होते. उत्तरेच्या गिरण्या आणि पेढ्या हा माझ्या लेखाचा विषय नव्हता, तेव्हा त्यात शिरत नाही.

सूड म्हणाल, तर तो कोणावर उगवला, हे पाहण्यासारखे आहे. दक्षिणी संघाचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस दोन वर्षे कैदेत राहून सुटले, खटला शेवटास गेलाच नाही. स्टीव्हन्स पुन्हा वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहात बसले आणि १८८३ मध्ये वारले ते जॉर्जियाचे गव्हर्नर म्हणून. मुक्त झालेल्या सुमारे ४० लाख माणसांची कथा निराळी आहे. जानेवारी १८६५ मध्ये उत्तरेच्या जनरल शर्मनने किनाऱ्यालगतची जमीन कुटुंबामागे ४० एकरांपर्यंत त्यांच्यासाठी राखून ठेवली, आणि वर्ष सरायच्या आत अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनने तिच्यातील बहुतेक जमीन जुन्या मालकांच्या पदरात परत टाकण्याची व्यवस्था केली. मिसिसिपीच्या नव्या कायद्याप्रमाणे काळ्या माणसाने दर जानेवारीत रोजगाराचा लेखी पुरावा दाखवायचा. उनाड ठरल्यास दंड, आणि दंड न भरल्यास तो भरणाऱ्याकडे राबणे. पुढे बटाईची शेती आणि मालकाच्याच दुकानातील उधारी. गहाणखत कपाटात असलेल्या घरात मी वाढलो आहे, त्यामुळे ही उधारी कशी चालते, हे मला संकेतस्थळावर शोधावे लागले नाही. गुलामगिरी संपवणाऱ्या आणि काळ्यांना नागरिकत्व व मताधिकार देणाऱ्या घटनेतील १३, १४ आणि १५ या तीन दुरुस्त्या १८७० पर्यंत झाल्या होत्या, तरी १८७७ मध्ये दक्षिणेच्या राज्यकारभारामागचा केंद्राचा लष्करी आधार काढून घेण्यात आला आणि १८९० मध्ये मिसिसिपीने मतदानकर व वाचनाची परीक्षा घालून काळ्यांचा मताधिकार जवळजवळ संपवला. हा जेत्यांनी केलेला सूड म्हणायचा की हरलेल्यांनी केलेली वसुली, हे आपणच ठरवावे.

३६ अंश ३० मिनिटांची दुरुस्ती मूळ लेखात आज केली आहे आणि तिथे आपले श्रेयही नोंदवले आहे. खरे नाव कळवल्यास तेही घालीन. ‘कारण’ या शब्दाच्या जागी ‘निमित्त’ घालण्याची आपण सुचवलेली दुसरी दुरुस्ती केलेली नाही.