एक स्टार दिलेल्या रिव्ह्यूला क्लिनिकचं उत्तर

नमस्कार. तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला. तुमची फाईल इथे उघडणार नाही, तुम्ही स्वतः लिहिलंय तेवढ्यावरच बोलतो. चार वर्षांपूर्वी आमच्याकडे लेसिक, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवायचं लेझर ऑपरेशन, केलं, गेल्या महिन्यात ठाणे स्टेशनवर लोकलमध्ये चढताना पुढच्याच्या सॅकचं बक्कल डोळ्याला लागलं, आणि 'लेझर नीट केलं असतं तर पडदा सरकलाच नसता'.

आधी तो शब्द. पडदा म्हटलं की आपल्याकडे डोळ्याच्या आत मागे असतो तो रेटिना समजतात आणि घरचे निम्मे तिथेच घाबरतात. तुमचा सरकला तो फ्लॅप. लेसिकमध्ये कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाचा, वरचा पापुद्रा (हाच फ्लॅप), मिलिमीटरच्या साधारण दहाव्या भागाएवढा, एका कडेला जोडलेला ठेवून उलटतात, खाली लेझर देतात आणि परत बसवतात. कड भरून येते. पण कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे आतल्या बाजूने तो पहिल्यासारखा घट्ट कधीच धरत नाही. एरवी काही होत नाही. नख, झाडाची फांदी, बक्कल असं काही तिरकं घासून गेलं, तर कित्येक वर्षांनीही सरकू शकतो. म्हणून ऑपरेशन चुकलं, हे मला मान्य नाही.

'हे कुणी सांगितलं नाही' हे मात्र मान्य. संमतीपत्रात तशी ओळ आहे. इंग्रजीत, बारीक अक्षरात, आणि सह्या आम्ही घेत होतो डोळ्यांत थेंब घातल्यावर! कबड्डी खेळणारा आला तर फ्लॅप नसलेली लेझरची दुसरी पद्धत, पीआरके, सुचवतो, त्यात काही दिवस चांगलंच दुखतं तरी. रोज सकाळी फास्ट पकडणाऱ्यालाही तेच विचारावं, हे आम्हाला सुचलं नाही.

मार लागल्यावर तुम्ही फोन केलात तेव्हा आमच्या रिसेप्शनवरचे 'उद्या ओपीडीत या' म्हणाले, त्याला तर काही उत्तरच नाही. सरकलेला फ्लॅप शक्यतो त्याच दिवशी उचलून, धुऊन, नीट पसरून बसवायचा असतो. उशीर झाला की सुरकुत्या पक्क्या होतात, वरच्या थराच्या पेशी खाली शिरतात. रिसेप्शनच्या फोनशेजारी आता मराठीत चिठ्ठी चिकटवली आहे: लेसिक झालंय आणि मार लागलाय, तर लगेच बोलवा.

फ्लॅप परत बसवायचे घेतलेले पैसे परत करतो. त्यासाठी रिव्ह्यू काढायची गरज नाही. रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात म्हणालात, ती तपासायला या, फी नको. तोवर लोकलमध्ये बिननंबरचा पॉलिकार्बोनेटचा चष्मा लावा. दुसऱ्या डोळ्यातही फ्लॅप आहेच.