दहा प्रश्नांत माणूस ओळखण्याची विद्या

मागच्या आठवड्यात एका स्नेह्यांशी करवाढीच्या प्रस्तावावर बोलणे चालले होते. मसुद्यातील दोन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, एवढेच माझे म्हणणे होते. त्यावर त्यांनी आपला मोबाइल माझ्या हाती दिला, माझ्याकडून दहा प्रश्न सोडवून घेतले आणि दीड मिनिटात निकाल जाहीर केला : "तुमचा काटेकोरपणा फारच वरचा आहे. म्हणजे तुम्ही मूळचेच परंपरावादी. तुम्हाला बदल सोसत नाही, म्हणून हे आकडे खटकतात." इतक्या कमी कष्टांत वाद जिंकण्याची ही विद्या आपल्यालाही अवगत व्हावी, या सदिच्छेने पुढील सूचना करीत आहे.

सर्वप्रथम, चाचणी शक्य तितकी छोटी निवडावी. खुलेपणा (म्हणजे नव्या कल्पना-अनुभवांची ओढ), काटेकोरपणा, बहिर्मुखता, मनमिळाऊपणा आणि भावनिक अस्थिरता हे पाच गुण मानसशास्त्रज्ञ मोजतात. दहा प्रश्नांत ते बसवायचे म्हणजे एकेका गुणाच्या वाट्याला दोन प्रश्न येतात, आणि माणूस ओळखायला याहून जास्त काय लागते? अशी दहा प्रश्नांची एक प्रसिद्ध चाचणी २००३ मध्ये ज्यांनी तयार केली, त्यांनीच ती वेळ अगदी कमी असेल तेव्हापुरती आहे आणि मोठ्या प्रश्नावल्यांची सर तिला नाही, असे सांगून ठेवले आहे. परंतु असली कबुली मोबाइलच्या पडद्यावर सहसा उमटत नाही, ही मोठीच सोय आहे. २४० प्रश्नांची प्रश्नावलीही अस्तित्वात आहे, पण तेवढ्या वेळात समोरचा आपला मुद्दा पुरा करील, हा धोका पत्करू नये.

प्रश्नांची रचना अशी असावी की कशालाही मान डोलावणारा आपोआप सापडेल. १९५० मध्ये समाजचिंतक थिओडोर अडोर्नो व त्यांच्या सहकाऱ्यांनी हुकूमशाहीकडे झुकणारी वृत्ती मोजण्यासाठी जी मोजपट्टी मांडली, तिच्यातील विधाने एकाच दिशेची होती; होकार दिला की गुण वाढत. त्यामुळे खरोखर हुकूमशाही वृत्तीचा कोण आणि नुसता भिडस्त कोण, हे वेगळे काढणे पुढच्या अभ्यासकांना जड गेले. आपल्याला ते वेगळे काढायचेच नसल्यामुळे आपली अडचण होणार नाही.

स्वतः मात्र ही चाचणी कधीही देऊ नये.

निष्कर्ष कोणत्या दिशेला जातो, याची फार चिंता करू नये. २०१२ मध्ये अमेरिकेतील एका प्रतिष्ठित राज्यशास्त्रीय नियतकालिकात स्वभाव आणि राजकीय मते यांवर एक शोधनिबंध आला; २०१६ मध्ये त्याची दुरुस्ती प्रसिद्ध झाली, कारण माहिती नोंदवताना उदारमतवादी आणि परंपरावादी यांचे आकडे उलटे धरले गेले होते. अभ्यासकांनी चूक जाहीरपणे मान्य केली, हा त्यांचा प्रामाणिकपणा. आपण तो आदर्श घेण्याचे कारण नाही.

आता मुख्य सूचना. सरासरीचे विधान नेहमी समोर बसलेल्या एका माणसाला चिकटवावे. खुलेपणा आणि उदारमतवाद यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे, हे खरेच आहे. पण शून्य म्हणजे संबंधच नाही आणि एक म्हणजे पुरता संबंध, अशा मापावर त्या संबंधाचा आकडा साधारण ०.२ च्या आसपास असतो, आणि काटेकोरपणा व परंपरावाद यांचा तर त्याहूनही कमी. ०.२ चा वर्ग ०.०४, म्हणजे मतांमधल्या फरकापैकी चार टक्क्यांचा हिशेब लागला आणि शहाण्णव टक्के बाहेरच राहिले. साध्या गणिताने सांगायचे तर, खुलेपणात निम्म्यांहून वर असलेली शंभर माणसे घेतली तर सुमारे ५६ उदारमतवादी बाजूला निघतील आणि ४४ दुसऱ्या. या चव्वेचाळीस जणांचे काय करायचे? त्यांना दीड मिनिटात कोणत्या खोक्यात कोंबायचे? शिवाय परंपरावादी म्हणजे कोणत्या बाबतीत? करवाढ नको म्हणणारा माणूस सामाजिक सुधारणांच्या बाजूने हिरिरीने उभा राहू शकतो, हे एका सरळ रेषेवर मांडायचे तरी कुठे? आणि तो माझा काटेकोरपणा! मी टेबल आवरून ठेवतो, कारण आवरले नाही तर मला माझाच चष्मा सापडत नाही. त्या सवयीत विसराळूपणाची लाज आहे, राज्यव्यवस्थेविषयीचे मत नाही.

माणूस जे म्हणतो तेच करतो, असेही खुशाल धरून चालावे. समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापियर यांनी १९३०च्या दशकात एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकेत प्रवास केला. अडीचशेहून अधिक हॉटेले आणि उपाहारगृहांपैकी फक्त एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. काही महिन्यांनी पत्राने विचारले, तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांनी चिनी पाहुणे घेणार नाही असे कळवले. दारात उभ्या माणसाला नकार देणे आणि कागदावर नकार लिहिणे या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या. आपण कागदच तेवढा वाचावा.

पुरे झाले. तुम्हाला माणूस ओळखायचा नसतो, त्याच्या प्रश्नातून सुटायचे असते. समोरचा चुकत असेल तर चूक दाखवा. दाखवता येत नसेल तर गप्प बसा. पण तो का बोलतो याचे निदान करून, तो काय बोलला हे बाजूला सारणे हा भित्रेपणा आहे, आणि त्यावर मानसशास्त्राचा मुलामा देणे हा त्या शास्त्राचाही अपमान आहे. शंभर गोष्टींना 'बहुधा' आणि 'सरासरीने' जोडून लिहिणाऱ्या अभ्यासकांच्या कष्टांवर तुम्ही एका शब्दाचा शिक्का मारून मोकळे होता. माझा स्वभाव कसाही असेल, पण मसुद्यातील ते दोन आकडे आजही जुळत नाहीत, आणि स्नेह्यांनी त्यांच्याकडे अजून पाहिलेले नाही.