न घेतलेल्या कर्जाचा हप्ता

दाताच्या डॉक्टरांकडे नंबर यायची वाट बघत होतो, तेवढ्यात फोन. "सर, तुमचे तीन हप्ते थकलेत." माझ्या नावावर एक पैशाचंही कर्ज नाही. पण 'थकलेत' ऐकल्यावर आधी घशाला कोरड पडते. आपण काही घेतलंच नव्हतं, हे नंतर आठवतं.

असले फोन खोटे असू शकतात हे मला पाठ आहे. मी ऐटीत म्हणालो, "तुमचं नाव, कंपनी, मूळ कर्ज कुणाचं, रक्कम किती, सगळं लेखी पाठवा."

"पाठवतो सर. त्याआधी खातरजमेसाठी तुमची जन्मतारीख?"

"अहो, खातरजमा तुमची चाललीय!"

"तपशील कर्जदारालाच देता येतो सर. तुम्ही दुसरेच कुणी असाल तर?"

"फोन तुम्ही केलात ना?"

"म्हणूनच विचारतोय सर."

मी गप्प. खरा वसुलीवाला परक्याला तपशील देत नाही, आणि भामटा नेमकं हेच कारण सांगून जन्मतारीख काढून घेतो. दोघांचे संवाद एकाच माणसानं लिहिल्यासारखे.

शेजारी एक काका बसले होते. दात काढायच्या इंजेक्शननं त्यांचा अर्धा जबडा बधिर झालेला, कान मात्र शाबूत. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "फेदून ताका," ते म्हणाले. "होतं अशं. लाजायचं नाही."

"काका, मी कर्ज घेतलेलंच नाही."

"शगळे आधी अशंच म्हणतात."

समोरच्या बाईंनी पर्स मांडीवर ओढून घेतली. मी आवाज चढवून (हे चुकलंच) सगळ्यांना समजावू लागलो, की स्क्रीनवर दिसणारं कंपनीचं नावच काय, नंबरसुद्धा खोटा दाखवता येतो. काकांनी रुमालानं ओठ टिपला. "मग त्याच नंबरवल उलत फोन लावा. खले अशतील तर हो म्हणतील."

"आणि खोटे असतील तर?"

काकांनी खरोखर विचार केला. "तली हो म्हणतील," असं म्हणून ते माझ्याचकडे वैतागून बघू लागले.

घरी येऊन रीतसर त्या कंपनीच्या वेबसाइटवरून नंबर शोधला. मशीन म्हणालं, कर्ज खात्याचे शेवटचे चार अंक दाबा. कर्ज नसलेल्यांसाठी कोणतंच बटण नव्हतं. 40 मिनिटं संगीत ऐकल्यावर एक जिवंत बाई भेटल्या. त्यांनी सांगितलं, फोन खरा होता, वसुली एजन्सी त्यांचीच. कर्जदार मात्र माझ्या नंबरचा पूर्वीचा मालक. तो नंबर सोडून गेला, मोबाइल कंपनीनं बंद झालेला नंबर काही काळानं मला दिला, आणि हप्ते त्याच्यासकट आले.

"मग माझा नंबर काढून टाका."

"त्यासाठी कर्जदारानं अर्ज करावा लागतो सर."

"तो सापडला असता तर तुम्ही मला फोन केला असता का?"

"आपली तक्रार नोंदवून घेतलीय सर."

हे असं. चूक त्यांची, वेळ माझी, आणि रोज सकाळी जन्मतारीखही माझीच मागतात. क्रेडिट रिपोर्टही मागवून बघितला, न जाणो माझ्या नावावर खरंच कुणी काही काढलेलं असायचं. कोरा निघाला. आयुष्यात पहिल्यांदा कोरा कागद बघून बरं वाटलं, पण तो दाखवायचा कुणाला?

आठवड्यानं दाताला कॅप बसवायला गेलो. काका तिथेच. आता जबडा ठणठणीत होता. भरलेल्या खोलीत त्यांनी स्पष्ट, खणखणीत आवाजात विचारलं, "काय हो, मिटलं का तुमचं कर्जाचं?"