जुलैच्या कार्यशाळेतील साबणांबद्दलच्या अभिप्रायास उत्तर

नमस्कार ताई,

आपला अभिप्राय वाचून चार दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण आपण सांगितलेले दोष आधी माझ्या हाताने करून पाहावेत, असे मला वाटले.

आपण लिहिले आहे की, जुलैच्या शेवटच्या रविवारी आमच्या शनिवार पेठेतील दुकानात झालेल्या कार्यशाळेनंतर आपण दोन किलो बेसचा (म्हणजे वितळवून साच्यात ओतायच्या तयार साबणाचा) संच घेतला आणि पुतणीच्या मंगळागौरीला येणाऱ्या बायकांना देण्यासाठी 24 साबण केले. दोन दिवसांत त्यांच्यावर पाण्याचे थेंब जमले, हळदीचे साबण विटकरी झाले, गुलाबाच्या पाकळ्या काळ्या पडल्या आणि साय व डाळीचे पीठ घातलेल्या चार साबणांना आंबूस वास येऊ लागला. बेस हलक्या प्रतीचा आहे, तयार साबण नुसता वितळवायला शिकवून आम्ही 1,200 रुपये घेतले आणि दुकानात फोन केल्यावर ‘विकलेला माल परत घेत नाही’ एवढेच उत्तर मिळाले, असेही आपले म्हणणे आहे.

सर्वांत आधी एक विनंती आहे. साय घातलेले ते चार साबण कृपया वापरू नका, आणि कोणाला दिले असतील तर त्यांनाही कळवा. साय हा ताजा, नासणारा पदार्थ आहे आणि बेसमध्ये मिसळल्याने तो टिकाऊ होत नाही. ओलसर साबणात तो बाहेर ठेवलेल्या दुधासारखाच खराब होतो. डाळीच्या पिठाचे आणि सायीचे उटणे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लावले जाते, पण ते त्या वेळेपुरते कालवून त्याच वेळी संपवले जाते, म्हणून नासण्याचा प्रश्न येत नाही. साबण मात्र न्हाणीघरात महिनाभर ओला राहतो. कार्यशाळेत मी ‘घरातले काहीही घालून पाहा’ असे म्हटल्याचे आपण लिहिले आहे. मी तसे म्हटले होते आणि ते चुकीचे होते. दही, दूध, साय, फळांचा गर आणि कोरफडीचा ताजा गर यांतले काहीच या साबणात घालू नये, हे मी तेव्हाच स्पष्ट सांगायला हवे होते.

आता थेंबांविषयी. आपला संच ज्या खोक्यातून दिला, त्याच खोक्यातला उरलेला बेस मी वितळवला आणि तीन साबण एकाच वेळी ओतले. पहिला ओट्यावरच निवू दिला आणि साच्यातून काढताच क्लिंग फिल्ममध्ये, म्हणजे चिकटून बसणाऱ्या पातळ प्लास्टिकमध्ये, घट्ट गुंडाळला. दुसरा काढून तसाच उघडा ठेवला. तिसरा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मग काढला. तिसऱ्यावर काही मिनिटांतच, थंड पाण्याच्या तांब्यावर धरावे तसे दव धरले. दुसऱ्यावर सकाळी मोहरीएवढे थेंब होते आणि ते बोटाला चिकट लागत होते. पहिला आज चौथ्या दिवशीही कोरडा आहे. बेस एकच, भांडे एकच, ओतणारा हातही एकच. म्हणून बेस हलका असल्याचे आपले अनुमान मला मान्य करता येत नाही. या बेसमध्ये ग्लिसरीन भरपूर असते आणि ग्लिसरीनचा धर्मच हवेतली ओल ओढून घेण्याचा आहे. त्वचेला त्याचा मऊपणा जाणवतो तो त्यामुळेच, आणि पुण्याच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत उघड्या साबणाला पाझर फुटतो तोही त्यामुळेच.

परंतु संचासोबतच्या पत्रकात ‘लवकर घट्ट होण्यासाठी साचा फ्रीजमध्ये ठेवावा’ अशी ओळ आहे आणि साबण लगेच गुंडाळण्याविषयी एक अक्षरही नाही. ते पत्रक मी फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत लिहिले होते, त्या वेळी कोणाचे साबण पाझरले नाहीत आणि पुढे पावसाळ्यासाठी ते बदलायचे माझ्याकडून राहून गेले. आपण पत्रकाप्रमाणे वागलात आणि साबण पाझरले. हा दोष सर्वस्वी माझा आहे. थेंब धरलेले साबण खराब झालेले नाहीत. कोरड्या सुती कापडाने ते हलके टिपून दोन-तीन तास पंख्याखाली ठेवावेत आणि लगेच गुंडाळावेत.

हळदीचे कारण आपल्या प्रत्येकीच्या घरात आहे. पांढऱ्या कपड्यावर आमटीचा डाग पडला आणि त्यावर साबण लावला की पिवळा डाग क्षणात लाल होतो. साबण अल्कधर्मी असतो आणि हळदीतले रंगद्रव्य, म्हणजे कर्क्युमिन, अल्कधर्मी पदार्थात लालसर होते. जे कपड्यावर होते तेच साच्यात झाले. पिवळा रंग हवा असल्यास साबणासाठीची अभ्रकाची पूड, म्हणजे मायका, वापरावी. खाण्याचे रंगही मी सुचवणार नाही, कारण दोन रंगांचे थर दिले की ते एकमेकांत उतरतात.

पाकळ्यांच्या बाबतीत आपली तक्रार मला अधिक लागली, कारण कार्यशाळेत मांडलेला गुलाबी पाकळ्यांचा साबण मी त्याच दिवशी सकाळी ओतला होता. गुलाबाची पाकळी, वाळवलेली असली तरी, साबणात काही दिवसांत तपकिरी आणि मग काळी पडते. मला हे ठाऊक होते, तरीही टेबलावर ताजा नमुना ठेवला गेला, आणि तो पाहूनच आपण पाकळ्या घेतल्या. आता तेथे तीन आठवड्यांपूर्वीचा साबण ठेवला आहे. रंग टिकवणाऱ्या पाकळ्या हव्या असतील तर कॅलेंड्युला या झेंडूसारख्या फुलाच्या घ्याव्यात. त्यांचा पिवळा-केशरी रंग साबणात चांगला राहतो.

‘तयार साबण नुसता वितळवला’ या आक्षेपाशी मी अंशतः सहमत आहे. बेस हा साबणच असतो. तेल आणि कॉस्टिक सोडा यांची क्रिया कारखान्यात पूर्ण झालेली असते. घरी पहिल्यापासून साबण करायचा तर त्वचा आणि डोळे भाजणारा कॉस्टिक सोडा हाताळावा लागतो आणि ओतलेल्या वड्या साधारण चार ते सहा आठवडे मुरू द्याव्या लागतात. पहिल्यांदाच साबण करणाऱ्या व्यक्तीच्या हाती, तेही घरात लहान मुले असताना, तो सोडा देणे मला योग्य वाटत नाही, म्हणून मी ही पद्धत शिकवते. तिच्यातही शिकण्यासारखे बरेच आहे. बेसचे लहान तुकडे करून ते गरम पाण्याच्या पातेल्यावरच्या भांड्यात मंद आचेवर वितळवायचे, वाफेचे पाणी आत पडू द्यायचे नाही आणि उकळी तर येऊच द्यायची नाही, कारण फार तापलेला बेस पिवळट आणि घट्ट होतो. साधारण 50 ते 55 अंशांवर ओतायचे. त्याहून गरम ओतला तर मायका तळाशी बसतो आणि फार निवू दिला तर दुधासारखी साय धरते. सुगंधासाठी अर्ध्या किलोला 10 ग्रॅम पुरेसे होतात. वर आलेले बुडबुडे आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या एका फवाऱ्याने फुटतात आणि दुसरा थर ओतण्याआधी तोच फवारा मारला की थर सुटत नाहीत. मात्र जाहिरातीत ‘मेल्ट अँड पोअर’ (वितळवा आणि ओता) एवढेच इंग्रजी शब्द होते, त्यांचा अर्थ मराठीत दिलेला नव्हता. कॉस्टिक सोड्यापासूनची पद्धत शिकण्याच्या अपेक्षेने आपण आला असाल, तर तो गैरसमज आमच्या शब्दांमुळे झाला. जाहिरातीत आता पद्धत पूर्ण वाक्यात लिहिली आहे.

फोनवर मिळालेल्या उत्तराबद्दल मी आपली मनापासून क्षमा मागते. मंगळागौर चार दिवसांवर आली असताना अडचण सांगणाऱ्या व्यक्तीला मालाच्या परतीचा नियम ऐकवणे अयोग्य होते. साबणांविषयीचे फोन यापुढे मी स्वतः घेईन.

कार्यशाळेचे 1,200 रुपये आपल्याला परत देत आहे. बेसचे पैसे मात्र परत देत नाही, कारण माल चांगला होता. त्याऐवजी नासलेल्या चार आणि रंग बदललेल्या सर्व साबणांच्या वजनाचा नवा बेस आणि क्लिंग फिल्मचा एक रोल आपल्यासाठी बाजूला ठेवला आहे. पाझरलेले साबण टिपूनही नीट दिसत नसतील, तर ते घट्ट झाकणाच्या डब्यात घालून घेऊन या. पुन्हा वितळवताना सुगंध थोडा उडतो, तो इथेच भरून घेऊ. सोमवारी दुकान बंद असते. इतर दिवशी सकाळी 11 ते 1 या वेळेत मी तेथे असते.

— कार्यशाळेची संचालिका