फिनिश लाइननंतरचे ते आठ चारशे

धाकट्या बहिणीनं गेल्या रविवारी आयुष्यातली पहिली हाफ मॅरेथॉन पूर्ण केली. २१.१ किलोमीटर, एकदाही न थांबता. गळ्यात मेडल पडून पंचवीस मिनिटं झाली नसतील, तर ही शेजारच्या मैदानावर चारशे-चारशे मीटरच्या फेऱ्या मारत होती, जीव तोडून. तिसऱ्या फेरीत पोटरीत कळ आली आणि ती जागीच बसली. मी धावत पोचलो तर तिनं आधी फोन पुढे केला. "दादा, हे बघ ना, यात असंच करायला सांगितलंय."

तो फॉरवर्ड धावणाऱ्यांच्या गटांमध्ये बरेच दिवस फिरतोय. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी मजकूर थोडक्यात असा: रेस संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत ४०० मीटरच्या ८ फेऱ्या पूर्ण ताकदीनं मारा. त्यानं लॅक्टिक ॲसिड धुऊन निघतं आणि दुसऱ्या दिवशी पाय दुखत नाहीत. त्या वेळी स्नायू 'उघडे' असतात, म्हणून व्यायाम दुप्पट लागू पडतो. ऑलिंपिक विजेता धावपटू झाटोपेक असाच घडला, मोठे खेळाडू आजही हेच करतात. दुखत असेल तर आधी एक पेनकिलर घ्या. लघवी गडद झाली तर घाबरू नका, शरीरातली घाण बाहेर पडतेय. ग्लायकोजन, म्हणजे स्नायूंत साठवलेली साखर, संपलेलं असतं, त्यामुळे नुसती चरबी जळते. आणि शेवटी ठळक अक्षरांत: थांबला तो संपला.

मी डॉक्टर नाही. बारा वर्षं धावतोय, त्यातली काही वर्षं नवख्यांना सोबत घेऊन धावतोय. पण हे वाचून गप्प बसणं मला जमणार नाही. क्रमानंही जाणार नाही, कारण यातलं एक वाक्य बाकी सगळ्यांपेक्षा भयंकर आहे आणि ते नेमकं खाली, सहज वाचून पुढे जावं अशा जागी आहे.

'लघवी गडद झाली तर घाबरू नका.'

घाबरा. लांब रेसनंतर पाणी कमी पडल्यामुळे लघवी गडद पिवळी होऊ शकते, ते वेगळं. पण ती कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी तपकिरी झाली, सोबत स्नायू सुजले, कडक झाले, कमालीचे दुखायला लागले, तर त्याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. अतिश्रमानं स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यांच्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं, तिथून मूत्रपिंडात जातं आणि मूत्रपिंडाच्या बारीक नलिकांना इजा करतं. लघवीचा तो रंग मायोग्लोबिनचा असतो. त्याच फुटलेल्या पेशींमधलं पोटॅशियम रक्तात वाढलं की हृदयाची लय बिघडू शकते. 'घाण बाहेर पडतेय' म्हणून हा माणूस घरी झोपून राहिला, तर उपचाराचे मोलाचे तास हातातून जातात. त्यानं त्याच दिवशी दवाखान्यात पोचायला हवं.

आता याच्या आदल्याच ओळीतली पेनकिलर घ्या. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं कमी करतात. दुखणं त्यामुळेच थांबतं. पण घामानं शरीरातलं पाणी घटलेलं असताना मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या रुंद ठेवण्याचं काम हीच द्रव्यं करत असतात. म्हणजे लांब पल्ला धावून मूत्रपिंडाला आधीच रक्त कमी मिळतंय, वरून गोळी घेऊन त्याचा उरलासुरला बचाव काढून घ्यायचा, मग आठ फेऱ्यांनी आणखी स्नायू फोडायचे, आणि रंग बदलला तर आनंद मानायचा! एखाद्याच्या मूत्रपिंडाचं वाटोळं करायचं ठरवलं, तर याहून वेगळं काय सांगणार? नवखा धावपटू, ऊन, कमी पाणी, सवयीपलीकडचे जोरकस श्रम: रॅब्डोचा धोका वाढवणाऱ्या या गोष्टी आहेत आणि हा मेसेज नेमका नवख्यांकडेच जातोय.

बहिणीनं रेसच्या आधीच एक गोळी घेतली होती. मला ते तिथं कळलं. त्या संध्याकाळी मी तिला तीनदा विचारलं, रंग कसा आहे. आधी ती लाजली, मग चिडली. रंग साधा होता. पण ते तीन-चार तास मी कसे काढले ते माझं मला माहीत.

आता लॅक्टिक ॲसिड. ही समजूत इतकी जुनी आहे की शिकवणारेही ती बिनदिक्कत सांगतात. स्नायूत तयार होतं ते लॅक्टेट, आणि ते घाण नाही, इंधन आहे. हृदय ते वापरतं, दुसरे स्नायू वापरतात, यकृत त्याचं पुन्हा ग्लुकोज करतं. कष्टाचा व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात रक्तातलं लॅक्टेट आपोआप मूळ पातळीवर येतं. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ओरडतात तेव्हा ते पायांत उरलेलंच नसतं. १९८३ साली श्वेन नावाच्या संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी हे साध्या प्रयोगानं दाखवलं. ट्रेडमिलवर ४५ मिनिटं सपाट धावायला लावलं तर लॅक्टेट वाढलं, पण नंतर पाय दुखले नाहीत. तेवढाच वेळ उतारावर धावायला लावलं तर लॅक्टेट वाढलं नाही, आणि पाय मात्र चांगले दुखले. दुखणं येतं ते स्नायू ताणला जात असतानाच जोर लावल्यामुळे झालेल्या बारीक इजांचं.

आणि साधा विचार करा. हाफ मॅरेथॉनचा वेग दोन तास टिकवायचा म्हणजे तो बेताचाच असतो, त्यात लॅक्टेट काही आभाळाला भिडत नाही. जीव तोडून मारलेले आठ चारशे मात्र ते कितीतरी पटीनं वाढवतात. जे काढून टाकायचं म्हणता तेच तुम्ही ओतताय. अर्धं खरं यात एवढंच, की नुसतं बसून राहण्यापेक्षा हळू चालल्यानं किंवा अगदी सावकाश जॉगिंगनं लॅक्टेट थोडं लवकर उतरतं. हळू चालल्यानं. पूर्ण ताकदीनं नव्हे. आणि त्यानंही उद्याचं दुखणं टळत नाही.

'स्नायू उघडे असतात, व्यायाम दुप्पट लागू पडतो.' हे कुठून आलं याचा मला अंदाज आहे. रेसनंतर स्नायू ग्लुकोज पटकन ओढून घेतात, म्हणून पहिल्या तास-दोन तासांत खाऊन घ्यावं असं सांगतात, आणि ते बरोबर आहे. कुणीतरी त्यातलं 'खा' काढलं आणि 'पळा' घातलं.

प्रत्यक्षात काय होतं ते १९८४ साली शर्मन, कॉस्टिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजलं. मॅरेथॉन धावलेल्यांचे दोन गट केले. एकानं पुढचा आठवडा पूर्ण विश्रांती घेतली, दुसरा रोज थोडं धावला. आठवडाभर दोघांच्या पायांची ताकद आणि काम करण्याची क्षमता तपासत राहिले. आधी सावरला तो विश्रांती घेणारा गट. धावणाऱ्यांना धावण्याचा काही फायदा दिसला नाही, उलट त्यांचं सावरणं लांबलं. ही इंटरव्हल, म्हणजे मध्ये थोडं थांबत जोरात मारलेल्या फेऱ्या, नव्हती, सोपं धावणं होतं, आणि धावणारे सरावलेले मॅरेथॉनपटू होते. सोप्या धावण्यानं जर त्यांना उशीर झाला, तर पहिली हाफ मॅरेथॉन धावलेल्या मुलीच्या पायांवर आठ चारशे काय करतील? मला या एका अभ्यासापुढे त्या मेसेजच्या बाजूनं काही मांडता येईल असं वाटत नाही. त्याच काळात मॅरेथॉनपटूंच्या पोटरीतल्या स्नायूचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले, तेव्हा पुढचे काही दिवस त्यात मेलेले तंतू आणि सूज दिसत होती. अशा पायांना त्या घडीला नवीन काही शिकवता येत नाही. आधी झालेली मोडतोड भरून यावी लागते.

यात फसायला होतं ते एका गोष्टीमुळे, आणि बहिणीला दोष देण्याआधी मी स्वतःला तिची आठवण करून दिली. रेसनंतरच्या त्या अर्ध्या तासात बरं वाटत असतं. मेडल असतं, फोटो असतात, अंगात उत्साह असतो. स्नायूंचं दुखणं उमटायलाच काही तास लागतात, ते शिगेला पोचतं २४ ते ७२ तासांत. म्हणजे वीसेक हजार पावलांची इजा होऊन गेलेली असते आणि तिची खबर अजून आलेली नसते. त्यात मांड्या-पोटऱ्या दमल्यामुळे पाऊल जमिनीवर नेहमीसारखं पडत नाही, धक्का झेलणारे स्नायू ढिले पडलेले असतात, आणि वेगात धावताना प्रत्येक पावलाला वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. पोटरी तिथंच गेली. आश्चर्य वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं.

झाटोपेक. एमिल झाटोपेकचं नाव या मेसेजमध्ये वाचून मला खरंच वाईट वाटलं. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यानं २० जुलैला १०,००० मीटर, २४ ला ५,००० मीटर आणि २७ ला मॅरेथॉन जिंकली. मॅरेथॉन सगळ्यांत शेवटी, आणि ती त्याची पहिलीच. त्यानंतर आठवडाभर धड चालताही येत नव्हतं, असं त्याच्याच तोंडचं सांगितलं जातं. चारशेच्या ४० फेऱ्या तो मारायचा हे खरं, पण तो त्याचा वर्षानुवर्षांचा सराव होता. मॅरेथॉनच्या शेवटाला चिकटवायचं शेपूट नव्हतं.

'मोठे खेळाडू आजही करतात' हे मात्र मला नाइलाजानं थोडंसं मान्य करावं लागतं. काही करतात. २०१४ च्या जानेवारीत अमेरिकन धावपटू गेलन रपनं इनडोअर दोन मैल ८ मिनिटं ७ सेकंदांत धावून अमेरिकेचा विक्रम केला आणि त्यानंतर लगेच एकेका मैलाच्या फेऱ्या मारल्या. पण ती रेस आठ मिनिटांची होती. सव्वातीन किलोमीटरनं पायांची जी झीज होते ती २१ किलोमीटरच्या झिजेजवळही जात नाही. शिवाय तो ऑलिंपिक पदकविजेता होता आणि शेजारी प्रशिक्षक उभा होता. नॉर्वेचे धावपटू दिवसात दोनदा इंटरव्हल करतात, हेही खरं. ते मधूनमधून कानाच्या पाळीतून रक्ताचा थेंब घेऊन लॅक्टेट तपासतात, कशासाठी, तर वेग जास्त होऊ नये म्हणून. 'पूर्ण ताकदीनं'च्या बरोबर उलट.

चरबीबद्दल फार लिहीत नाही. आठ चारशे जोरात मारायला शरीर मुख्यतः कर्बोदकंच वापरतं. ती संपलेली असतील तर तुमचा वेग पडेल, एवढंच होईल.

राहिलं 'थांबला तो संपला'. फिनिश लाइनवर एकदम खिळून उभं राहू नये, इतपत ते बरोबर आहे. धावताना पोटऱ्या रक्त वर ढकलत असतात. एकाएकी थांबलं की ते पायांत साचतं, रक्तदाब उतरतो आणि माणूस चक्कर येऊन पडू शकतो. म्हणून दहा-पंधरा मिनिटं चाला. पाणी प्या, कोरडे कपडे घाला, खा, घरी जा. प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांचा हिशोब सोपा आहे: रेसच्या दर ३ किलोमीटरमागे एक दिवस हलका. हाफ मॅरेथॉनला ७ दिवस, पूर्ण मॅरेथॉनला १४. इंटरव्हलनं वेग वाढतो यावर माझं काहीच म्हणणं नाही, मी स्वतः दर आठवड्याला करतो. ते दिवस उलटल्यावर, पाय दुखायचे थांबल्यावर करा.

बहिणीला डॉक्टरांनी तीन आठवडे धावणं बंद सांगितलंय. परवा तिनं मला सांगितलं की तो मेसेज तिनं पुढे तीन मैत्रिणींना पाठवला होता. त्या तिघींची रेस येत्या रविवारी आहे. मी हे लिहायला बसलो ते त्यासाठी. बहिणाबाई, हे आजच त्यांना पाठव, आणि पाठवून झालं की एकेकीला फोन कर. गोळीचं आणि लघवीच्या रंगाचं तोंडानं सांग.