उठत नाही, मरत नाही

फाइलसिस्टिमची, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवणाऱ्या व्यवस्थेची, परीक्षा घ्यायला लिनक्सवाले एक्सएफएसटेस्ट्स नावाचा संच वापरतात. नावात एक्सएफएस ही एकच फाइलसिस्टिम असली तरी तो ईएक्सटी४, बीटीआरएफएस कुणालाच सोडत नाही. रात्री तो चालू करून मी निवांत झोपलो. सकाळी बघतो तर स्वारी 'जेनेरिक/४७५' या टेस्टवर ठाण मांडून बसलेली.

कंट्रोल-सी दाबलं. पाचदा. सहाव्यांदा जरा जोरात. मग प्रोसेस सक्तीने मारायची आज्ञा, 'किल -९'. ढिम्म! यादीत प्रोसेससमोर 'डी' दिसत होता. म्हणजे ती डिस्कच्या उत्तराची वाट बघत कर्नलमध्ये, लिनक्सच्या गाभ्यात, झोपलेली. या झोपेत यमाचं बोलावणंसुद्धा दाराबाहेर ताटकळतं. 'ही १२० सेकंदांहून जास्त वेळ अडकली आहे,' अशी कुरकुर कर्नलने दहा वेळा केली होती. त्याचा कोटाच तेवढा. पुढे त्यानेही माझा नाद सोडलेला.

लॉगमध्ये आय/ओ (डिस्कवर वाचण्या-लिहिण्याच्या) एररचा नुसता पाऊस. त्याने मी हललो नाही, कारण ४७५चं कामच ते. फाइलसिस्टिमवर धुमाकूळ चालू असताना हा टेस्ट डिव्हाइस मॅपरकरवी (खऱ्या डिस्कवर नकली डिस्क उभी करणारा कर्नलचा भाग) खालची डिस्क 'मारतो', मग पुन्हा जिवंत करून माउंट होतंय का बघतो. असं पन्नास वेळा. तेव्हा एरर म्हणजे नाटकातलं मरण, असं म्हणून मी दोन तास फाइलसिस्टिमच्या कोडमध्ये लॉकिंगचा बग शोधत बसलो. एक सापडलासुद्धा! (तो बग नव्हता.)

मग कधीतरी लक्षात आलं, की खोटे एरर 'डीएम-०'च्या, म्हणजे नकली डिस्कच्या, नावावर आहेत आणि मधूनच एखादा 'एसडीबी'च्या, म्हणजे खऱ्या डिस्कच्या. नट खरोखरच कोसळला होता आणि मी टाळ्या वाजवत होतो.

स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्याचे, आकडे काढले. ५ आणि १९७, म्हणजे बदललेले आणि संशयित सेक्टर, दोन्ही शून्य. १९९ मात्र फुगलेला. हा सीआरसी एररचा, म्हणजे वाटेत बिघडलेल्या डेटाचा, आकडा. तो वाढला की डिस्कच्या आधी केबलवर संशय घ्यायचा. एकेका आज्ञेसाठी ३० सेकंद वाट, मग लिंक रीसेट, मग पुन्हा तेच. आणि गेल्याच आठवड्यात धूळ साफ करायला ती केबल काढून परत लावणारा महाभाग कोण, हे विचारू नका.

रीबूटची आज्ञाही अडकली. शेवटी पॉवरचं बटण दाबून धरलं, केबल 'टक्' आवाज येईपर्यंत दाबली.

४७५ पास झाला. आता ४७६ चालू आहे. तो मुळातच लांबलचक आहे, हे मला ठाऊक आहे. तरी दर दोन मिनिटांनी केबल चाचपून येतोय.