एक्सेलने व्हेंडर निवडला म्हणून वशिला संपत नाही

परचेसवाल्यांच्या ग्रुपवर एक मजकूर फार फिरतो. दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी तो नव्याने टाकतं, खाली अंगठ्यांची रांग लागते आणि एखादा नवा पोरगा विचारतो, "सर, शीट असेल तर पाठवा ना." मजकुराचा गाभा असा : व्हेंडर, म्हणजे माल पुरवणारा, निवडताना माणसाचं मत मध्ये आणू नका. एएचपी नावाच्या गणिती पद्धतीने निकषांचं वेटेज (कोणता निकष किती महत्त्वाचा) काढा, टॉप्सिस नावाच्या दुसऱ्या पद्धतीने व्हेंडरांची क्रमवारी लावा, पहिला येईल त्याला ऑर्डर द्या. गणिताला मेहुणे नसतात. वाद संपला, वशिला संपला.

भोसरी-चाकण पट्ट्यात ऑटो पार्टच्या खरेदीत माझी बरीच वर्षं गेली. या पद्धती मी वापरल्या आहेत, आजही वापरतो, त्यामुळे राग पद्धतींवर नाही. त्या मजकुरातलं एकेक वाक्य मात्र तपासून बघण्यासारखं आहे.

"एएचपी वेटेज काढून देतं."

आपण जे घातलं तेच ते परत देतं, आणि परत देताना फुगवून देतं. एएचपी म्हणजे अॅनालिटिक हायरार्की प्रोसेस, थॉमस साटी यांनी १९७० च्या दशकात मांडलेली पद्धत. निकष दोन-दोन करून समोरासमोर ठेवायचे आणि १ ते ९ मध्ये सांगायचं : १ म्हणजे दोन्ही सारखे, ३ म्हणजे थोडा जास्त महत्त्वाचा, ५ म्हणजे बराच जास्त, ९ म्हणजे टोकाचा.

आता दोनच निकष घ्या, किंमत आणि क्वालिटी. क्वालिटीच्या साहेबांना विचारलं की ते म्हणतात, "क्वालिटी थोडी जास्त महत्त्वाची." शीटमध्ये ३ पडतो. वेटेज येतं ७५ आणि २५. त्यांना बहुधा ५५-४५ म्हणायचं होतं. ३ ऐवजी २ टाकला तरी ६७-३३ होतं. पूर्णांकात बोलायचं तर ५० नंतरची पुढची पायरी थेट ६७, मधे उभं राहायला जागाच नाही. अगदी जवळच्या निकषांसाठी १.१, १.२ असे आकडे वापरायची सोय साटींनी ठेवली होती, पण मी पाहिलेल्या शीटच्या ड्रॉपडाउनमध्ये पूर्णांकच असतात. "थोडी" या शब्दाचा अर्थ तिप्पट होतो हे मत देणाऱ्याला कोणी सांगत नाही. तो सही करून मोकळा होतो.

"विसंगती १० टक्क्यांच्या आत असली की वेटेज बरोबर."

एएचपी विसंगतीही मोजतं. ती कमी म्हणजे एवढंच की माणसाने स्वतःचं बोलणं स्वतःच खोडलेलं नाही. समजा मी म्हटलं, किंमत क्वालिटीच्या तिप्पट, क्वालिटी डिलिव्हरीच्या दुप्पट, म्हणून किंमत डिलिव्हरीच्या सहापट. वेटेज साधारण ६७, २२, ११. विसंगती शून्य. आता दुसरा माणूस बरोबर उलटं बोलला : डिलिव्हरी किमतीच्या सहापट, क्वालिटी किमतीच्या तिप्पट, डिलिव्हरी क्वालिटीच्या दुप्पट. वेटेज १०, ३०, ६०. विसंगती पुन्हा शून्य. दोघांनाही पैकीच्या पैकी, आणि दोघांचे व्हेंडर वेगळे.

एम.ई.च्या प्रोजेक्टमध्ये हा विसंगतीचा आकडा ०.१३ आला की एखाद्या ५ चा ४ करून तो ०.०९ वर आणतात, हे ज्यांनी प्रोजेक्ट केलंय त्यांना मी काय सांगणार!

"वेटेजचा वाद नको असेल तर संशोधनातलं प्रमाण वेटेज घ्या."

इथे बहुतेक वेळा बोट दाखवलं जातं ते डिक्सन यांच्या १९६६ च्या पाहणीकडे. अमेरिका आणि कॅनडातल्या खरेदी अधिकाऱ्यांना त्यांनी प्रश्नावली पाठवली, १७० जणांची उत्तरं आली, २३ निकषांची यादी लागली. पहिला नंबर क्वालिटीचा, दुसरा डिलिव्हरीचा, किंमत सहावी. काम मोलाचं आहे, पण ते १९६६ सालच्या तिकडच्या लोकांच्या मनातलं सरासरी उत्तर आहे. तुमच्या फोर्जिंगच्या आरएफक्यूचं (कोटेशनच्या मागणीपत्राचं) नाही. शिवाय प्रश्नावलीत किंमत सहावी येते आणि कोटेशनचं पाकीट उघडलं की पहिली येते, हे आपल्या धंद्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

"एंट्रॉपी पद्धत वापरा, मग माणूस लागतच नाही."

हा मुद्दा जास्त हुशार आहे, म्हणून जास्त फसवा. एंट्रॉपी पद्धतीत वेटेज आकड्यांच्या विखुरण्यातून निघतं. ज्या निकषावर व्हेंडर एकमेकांपासून लांब, त्याला जास्त वेटेज. ज्यावर सगळे सारखे, त्याला शून्य.

म्हणजे चार व्हेंडर आले आणि चौघांचंही रिजेक्शन (खराब निघणाऱ्या नगांचं प्रमाण) सारखंच असलं, तर क्वालिटीचं वेटेज शून्य. पाचवा गचाळ कामाचा व्हेंडर आला की तेच वेटेज एकदम वर. तुमच्या पार्टला क्वालिटी किती लागते हे आता कोण दारात आलंय त्यावर ठरणार. क्रमवारी लावण्यापुरतं हे चालूनही जाईल, कारण जिथे सगळे सारखे तिथे फरक पडत नाही. पण त्या आकड्याला "महत्त्व" म्हणू नका.

"फझी केलं की अचूकता वाढते."

फझी म्हणजे ठाम आकड्याऐवजी अंदाजाचा पट्टा : ३ ऐवजी २-३-४ असा त्रिकोण घ्यायचा, पाच पानं गणित करायचं आणि शेवटी त्रिकोणाचा पुन्हा एक आकडा करायचा. साटी स्वतः एएचपीत फझी घुसवण्याच्या विरोधात होते. पुढे.

"कोणतीही पद्धत घ्या, चांगला व्हेंडर वर येतोच."

इथे थोडं थांबू, कारण सगळी गोम इथेच आहे. समजुतीसाठी दोन व्हेंडर घेऊ. 'अ'चा दर १०० रुपये, रिजेक्शन ६०० पीपीएम, म्हणजे दहा लाख नगांत ६०० खराब. 'ब'चा दर १०४ रुपये, रिजेक्शन ४०० पीपीएम. वेटेज किंमत ६०, क्वालिटी ४०. वेटेजला आता कोणी हात लावायचा नाही.

पहिली रीत : प्रत्येक निकषावर सर्वात चांगल्याला १, सर्वात वाईटाला ०. 'अ'ला किमतीचे ०.६ मिळाले, 'ब'ला क्वालिटीचे ०.४. जिंकला 'अ'.

दुसरी रीत : सर्वात चांगल्या आकड्याला बाकीच्यांच्या आकड्याने भागायचं. किमतीवर 'अ'ला १, 'ब'ला ०.९६. क्वालिटीवर 'अ'ला ०.६७, 'ब'ला १. वेटेज लावून 'अ' ०.८७, 'ब' ०.९८. जिंकला 'ब'.

तिसरी रीत टॉप्सिस, १९८१ साली ह्वांग आणि यून यांनी मांडलेली. आदर्श बिंदूच्या कोण जवळ आणि निकृष्ट बिंदूपासून कोण लांब, हे ती मोजते. तिथे 'ब' ०.८७, 'अ' ०.१३. 'अ' जवळपास बादच.

माहिती तीच, वेटेज तेच. बदललं काय? रुपये आणि पीपीएम एका मापात आणायची रीत. शीटमध्ये ती एका लपवलेल्या कॉलममध्ये असते आणि मीटिंगमध्ये तिच्यावर कोणी चकार शब्द काढत नाही. दरातला फरक फक्त ४ टक्के, रिजेक्शनमधला दीडपट. टॉप्सिसला प्रमाणातला फरक दिसतो, म्हणून ४० टक्के वेटेजवाली क्वालिटी ६० टक्केवाल्या किमतीला सहज खाऊन टाकते. "किंमत ६० टक्के महत्त्वाची" या वाक्याला कोणत्या दरापासून कोणत्या दरापर्यंत हे सांगितल्याशिवाय अर्थच नसतो.

खरा प्रश्न तर तिन्ही रीतींनी विचारलाच नाही. २०० पीपीएमचा फरक म्हणजे पाच हजार नगांत एक खराब नग कमी. त्यासाठी नगामागे ४ रुपये जास्त, म्हणजे पाच हजार नगांना वीस हजार. एक खराब नग टाळायला वीस हजार रुपये द्यायला तुम्ही तयार आहात का? पार्ट साधा ब्रॅकेट असेल तर कोणीही हसेल, खराब नग बाजूला काढायचा आणि व्हेंडरचे पैसे कापायला डेबिट नोट फाडायची. तोच पार्ट ब्रेकमध्ये बसत असेल, किंवा एका नगामुळे ग्राहकाची लाइन थांबत असेल, तर वीस हजार स्वस्त आहेत. टॉप्सिसच्या ०.८७ ला ब्रॅकेट आणि ब्रेक यातला फरक कळत नाही. परचेसच्या माणसाला कळतो, आणि मजकूर म्हणतो त्याचंच मत मध्ये आणू नका.

"बेरीज महत्त्वाची, एखाद्या निकषावर कमी पडलं तर बाकीचे भरून काढतात."

वेटेज लावून बेरीज केली की असं होतं खरं, पण ते चांगलं कधीपासून झालं? हीट ट्रीटमेंटमध्ये नापास झालेला व्हेंडर क्रेडिटचे दिवस वाढवून पास होऊ शकतो, असा त्याचा अर्थ. फ्रान्सच्या बर्नार रॉय यांनी १९६० च्या दशकातच एलेक्ट्र ही वेगळ्या वळणाची पद्धत काढली. पुढे त्या घराण्यात नकाराधिकार आला : एखाद्या निकषावर ठरावीक मर्यादेपेक्षा मागे पडलात, तर बाकी सगळीकडे सरस असलात तरी तुम्हाला वरचढ म्हणायचं नाही. आपल्याकडचा जुना फोरमन हेच विनासूत्र करायचा. आधी चाळण, मग तुलना.

"पहिला आला त्याला ऑर्डर द्या."

सगळी? १ फेब्रुवारी १९९७ च्या पहाटे जपानमध्ये कारिया इथल्या आयसिन सेकी कंपनीच्या कारखान्याला आग लागली. तिथे ब्रेकच्या तेलाचा दाब सांभाळणारा एक छोटा व्हॉल्व्ह बनायचा, आणि टोयोटा आपले जवळपास सगळे व्हॉल्व्ह तिथूनच घ्यायची. साठा जेमतेम, कारण साठा न ठेवणं हीच तर टोयोटाची ख्याती. काही दिवसांत टोयोटाच्या जपानमधल्या लाइन्स थंडावल्या. मग शिलाई मशीन बनवणाऱ्या ब्रदरपर्यंत कितीतरी कंपन्यांनी आपापल्या मशीनवर ते व्हॉल्व्ह काढून दिले, तेव्हा गाडं आठवडाभरात रुळावर आलं.

आयसिनची निवड चुकीची होती का? दर, क्वालिटी, डिलिव्हरी, जुने संबंध, काहीही लावा, क्रमवारीत आयसिनच पहिली आली असती. घोटाळा क्रमवारीत नव्हता. पहिला कोण, आणि कोणाला किती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्या प्रश्नात दुसऱ्याकडे टूलिंग (साचे, हत्यारं) उभं करायचा खर्च येतो, त्याची क्षमता येते, आणि दोघांचा कच्चा माल एकाच गिरणीतून येतो का हेही येतं. टॉप्सिसच्या शीटमध्ये यासाठी रकाना नसतो.

"वशिला संपला."

आता मेहुण्यांकडे वळू.

एका कंपनीतली मीटिंग आठवते. शीट पडद्यावर होती, पहिला जो आला तो वरच्यांना नको होता. कोणी काही बोललं नाही. मग आवाज आला, "वेटेज एकदा परत बघू या." डिलिव्हरी १५ ची २५ झाली, हवं ते नाव वर आलं, प्रिंट निघाली. पूर्वी असा निर्णय तोंडी व्हायचा आणि निदान कुजबुज तरी व्हायची. आता खाली चार दशांश स्थळांचा आकडा होता, कुजबुजायचीही सोय राहिली नाही. निकाल बघायच्या आधी वेटेज गोठवून त्यावर सह्या घेतल्या असत्या, तर हा खेळ झाला नसता. तेवढं करणारी माणसं मला थोडीच भेटली.

पण यापेक्षा सफाईदार वाट आहे, आणि तिला वेटेजला हातही लावावा लागत नाही.

फाइलला तीन कोटेशन लागतात. हातात दोनच असतात, आपले 'अ' आणि 'ब'. मग ओळखीच्या शॉपला फोन जातो : "लेटरहेडवर एक रेट टाकून पाठव, चढा टाक." हे तिसरं डमी कोटेशन आपल्या धंद्यात सर्वांना ठाऊक आहे आणि सर्वांना वाटतं की ते निरुपद्रवी आहे, कारण ते जिंकणार नसतंच. समजा 'क'चं कोटेशन आलं : दर १२० रुपये, रिजेक्शन ४००. 'ब'इतकीच क्वालिटी, वर सोळा रुपये महाग. त्याला कोणी शहाणा घेणार नाही.

आता पहिली रीत पुन्हा चालवा, जिच्यात 'अ' जिंकला होता. दराची पट्टी आता १०० ते १२० झाली. 'अ'ला १, 'ब'ला ०.८, 'क'ला ०. वेटेज तेच ६०-४०. 'अ'चे गुण ०.६. 'ब'चे ०.४८ अधिक ०.४, म्हणजे ०.८८. 'क' ०.४ घेऊन शेवटी. जिंकला 'ब'. 'अ' आणि 'ब'च्या कोटेशनमध्ये एक पैसा इकडचा तिकडे झाला नाही. शेवटच्या नंबरावर आलेल्या पाहुण्याने पहिला नंबर फिरवला.

ही काही मी शोधलेली भानगड नाही. १९८३ साली व्हॅलरी बेल्टन आणि टोनी गिअर यांनी एएचपीबद्दल हेच दाखवलं होतं : आधीच असलेल्या पर्यायाची हुबेहूब नक्कल यादीत घातली की वरची क्रमवारी बदलते. त्यावर पुढे बरीच वर्षं वाद झाला. काही प्रसंगी असा बदल रास्तच असतो, हे साटींच्या बाजूचं म्हणणं होतं, आणि एएचपीची एक सुधारित रीतही आली. टॉप्सिसही या रोगातून सुटलेली नाही. हा सगळा वाद आपल्या ग्रुपवर कधी पोचला नाही, शीट तेवढी पोचली.

तेव्हा ज्यांच्याकडे ती शीट आहे त्यांनी मागच्या सहा महिन्यांतली एखादी फाइल उघडावी, क्रमवारीत सर्वात खाली असलेल्या व्हेंडरची ओळ डिलीट करावी आणि पहिलं नाव तेच राहतं का बघावं. बदललं, तर ते तिसरं कोटेशन कोणाच्या फोनवरून मागवलं होतं तेही बघून ठेवा.